मधुचंद्र मक्याच्या वावरात

"चिखलदरा नंतर पाहू. आधी अकोट करून येऊ," असं लग्नाच्या नवव्या दिवशी नवरा म्हणाला, तेव्हा मला वाटलं अकोटला यांचं कोणी आजारी नातेवाईक असेल. नातेवाईक नव्हतं. मका होता.

वाचणाऱ्यांना आधीच सांगते, ही साठच्या दशकातली गोष्ट आहे. तेव्हाचे रस्ते, गाड्या आणि भाव आता तुमच्या काहीएक कामाचे नाहीत, त्यामुळे ट्रिप प्लॅन करायला हे वाचत असाल तर खुशाल दुसरीकडे वळा. पण लग्न ताजं असेल आणि नवरा कामाच्या गावी "सहज फिरायला" नेत असेल, तर मात्र शेवटपर्यंत वाचा.

नवऱ्याचं नाव मधुकर. तेव्हा नाव घ्यायची चोरी होती, आता कोण विचारतंय! शेतकीचं शिक्षण घेऊन हे गृहस्थ बियाण्याच्या खात्यात नवेकोरे निरीक्षक झाले होते. मी अमरावतीच्या वकिलाची मुलगी. मका म्हणजे पावसाळ्यात लिंबू-मीठ चोळून खायची वस्तू, एवढंच माझं ज्ञान. माझी मैत्रीण चिखलदऱ्याला जाऊन आली होती आणि धुक्यात शाल पांघरून काढलेला फोटो गल्लीभर दाखवत होती. आणि मी? जानेवारीच्या सकाळी ट्रंक, पाण्याची सुरई आणि आईने दिलेला तिळगुळाचा डबा घेऊन बडनेऱ्याच्या फलाटावर पॅसेंजरची वाट पाहत बसले होते.

गाडीत नवऱ्याने प्रेमाच्या गोष्टी सुरू केल्या असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्हाला मधुकर ठाऊक नाही. त्याने खिशातून आमच्याच लग्नाची उरलेली पत्रिका काढली, ती उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मक्याचं झाड काढलं.

"हे बघ. डोक्यावर तुरा, तो नर. कमरेला कणीस, ती मादी. कणसाच्या केसांवर तुऱ्याची पिवळी पूड पडली की दाणा भरतो. आता आम्ही काय करतो, एका झाडाच्या तुऱ्याला कागदी पिशवी बांधतो, आणि त्याचीच पूड त्याच्याच कणसावर टाकतो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. पाच-सहा वर्षं. पिढी दरपिढी झाड खुजं होतं, मरतुकडं होतं. पण सगळी झाडं अगदी एकसारखी निघतात."

"एवढी वर्षं राबून मरतुकडी झाडं करायची? त्याचा पगार मिळतो तुम्हाला?"

"ऐक तर! असे दोन वेगवेगळे मरतुकडे वंश घ्यायचे आणि त्यांचा एकमेकांशी संकर करायचा. पोर असं निघतं की आई-बाप दोघांच्याही डोक्यावरून पाहील. त्याला संकराचा जोम म्हणतात."

समोर मूर्तिजापूरला उतरणारे एक कापसाचे दलाल केव्हाचे कान टवकारून बसले होते. त्यांना राहवेना. "म्हंजे दोन पाप्याच्या पितरांच्या लग्नातून पैलवान?"

"अगदी बरोबर!"

"आमच्या आळीत हाय ना असं एक जोडपं. दोघंबी फुंकलं त उडतीन. पन त्याईची पोट्टी पाहून मले तुमचं खरं नाई वाटत, सायेब."

डबाभर हशा झाला. मधुकर मात्र गंभीरपणे समजावत राहिला. प्रत्येक वंशात काही दोष लपलेले असतात, दोघांचे दोष वेगळे असले की पोरात एकाची उणीव दुसरा भरून काढतो, वगैरे. मी विचारलं, एवढंच कारण? तो जरा चाचरला. म्हणाला, पूर्ण कारण अजून कोणालाच नक्की माहीत नाही, शास्त्रज्ञांमध्येच वाद आहेत. म्हणजे तुम्हालाही माहीत नाही, असं मी म्हटल्यावर मूर्तिजापूर येईपर्यंत साहेब खिडकीबाहेर पाहत होते.

अकोल्यात मुक्काम जठारपेठेत, त्याच्या मावशींकडे. मावशींनी संध्याकाळी हळदीकुंकवाला शेजारपाजारच्या बायका बोलावल्या आणि मला उखाण्याचा आग्रह झाला. मी उखाण्यात मका बसवला. बायका हसून हसून लोटपोट झाल्या, मावशींनी मात्र नाक मुरडलं. जेवायला गोळाभात आणि कढी होती. त्यासाठी मी मावशींना सगळं माफ केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळची अकोट एसटी. तिकीट किती होतं ते आठवत नाही, पण पूर्णेच्या पुलावर गाडी येईपर्यंत पदराचा रंग बदलला होता हे पक्कं आठवतं. रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागला होता! म्हणजे कापसाच्या बैलबंड्या जिनिंगच्या कारखान्याकडे जाताना काट्यांना घासून पुंजके अडकले होते, पण शहरातल्या मुलीला ते झाडालाच लागलेत असं वाटलं आणि तसं मी मोठ्याने बोलले. कंडक्टरने मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ते सगळ्यांना सांगितलं. अकोटच्या स्टँडवर मिरचीची भजी खाल्ली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि तिथून बैलगाडीने दोनेक तास सातपुड्याकडे तोंड करून निघालो. गावाचं नाव सांगत नाही. त्या घरची नातवंडं हे वाचतात.

ज्यांच्याकडे उतरलो त्या गिरजाबाई. चाळिशीच्या आतबाहेर, उंच, काळ्यासावळ्या, आणि आवाज असा की विहिरीवरून हाक मारली तर गावातली कुत्री उठून बसावीत. तीन वर्षांपूर्वी नवरा गेलेला. शेत दीर सुखदेवभाऊ पाहत होते. माणूस वाईट नव्हता, पण बाईमाणसाने वावराच्या गोष्टीत तोंड घालू नये असं त्यांचं ठाम मत. यंदा विहिरीखालच्या दोन एकरांत खात्याचं मक्याचं बियाणं तयार करायची गोष्ट निघाली तेव्हा गिरजाबाई पुढे झाल्या. मी करतो, म्हणाल्या. वऱ्हाडातल्या बायका "मी करतो, मी जातो" म्हणतात. पुण्याच्या माणसाला ते ऐकून घेरी येते.

दिराने चार माणसांसमोर अट घातली. हा एक हंगाम वयनीचा. खात्याने प्लॉट पास केला तर विहिरीखालचं वावर वयनी कसेल, नापास झाला तर तिने पुन्हा वावराचं नाव काढायचं नाही. गिरजाबाईंनी अट मान्य केली. आणि पास-नापास ठरवायला आला होता माझा नवरा, ज्याला घरी चहात साखर किती घालावी हेही धड ठरवता येत नव्हतं.

संध्याकाळी वावर पाहिलं आणि मला हसू आवरेना. दोन ओळी बापाच्या, चार ओळी आईच्या, पुन्हा दोन बापाच्या, अशी मांडणी. आणि झाडं ही एवढाली! जेमतेम कमरेला येणारी, पिवळट. गाव त्याला "ठेंगन्याचं वावर" म्हणत होतं. आईच्या ओळींतला प्रत्येक तुरा बाहेर येताक्षणी, पूड गळायच्या आत उपटायचा, म्हणजे तिच्या कणसावर फक्त बापाच्या ओळीची पूड पडेल, असा सगळा हिशेब. ते काम गिरजाबाई आणि दोन मजूर बाया गेला आठवडाभर रोज पहाटे करत होत्या.

रात्रीचं जेवण लवकर झालं. भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा. मधुकरला जेवताना पुन्हा शास्त्राची उबळ आली.

"म्हणजे बघा बाई, एकाच घरात लग्नं होत राहिली, जसं आपल्याकडे मामाच्या मुलीशी करतात, तर पुढे पुढे वंश खुजा होत जातो."

गिरजाबाईंनी भाकरी थापता थापता वर पाहिलं. "मी माह्या धन्याच्या मामाचीच पोरगी हाय, सायेब. खुजी दिसून राहिली काय तुमाले?"

मधुकरचा घास हातातच राहिला. बसलेल्या बाईंची सावली भिंतीवर पार आढ्यापर्यंत गेली होती. सुखदेवभाऊ ठसका लागेपर्यंत हसले, आणि मग गिरजाबाईसुद्धा. लग्न झाल्यापासून नवरा मला इतका आवडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मधुकर विहिरीवर अंघोळीला गेला आणि गिरजाबाई मला म्हणाल्या, "चाल बाई, तुले माहं वावर दावतो." कालचं "तुमी" रात्रीतून "तू" झालं होतं, मला ते बरं वाटलं. धुऱ्याने, म्हणजे बांधाबांधाने, चालत आम्ही दक्षिणेच्या टोकाला आलो. तिथे लिंबाखाली शेंदूर फासलेला एक दगड होता. सगळ्या ओळींची तोंडं त्या दगडाकडे. आणि प्रत्येक ओळीचं पहिलं झाड तुरा घेऊन ताठ उभं होतं. बापाच्या ओळींचं ठीक. पण आईच्या ओळींचंही!

पत्रिकेच्या मागचं चित्र डोळ्यांसमोर होतं. "गिरजाबाई, हे तुरे कावून ठेवले?"

"तो देवाचा वाटा हाय. माहे धनी हरेक पिकात ओयीचं पयलं झाड देवाले सोडत. त्याले इळा लावत नसत. मीबी नाई लावला."

"पण आईच्या ओळीत एकही तुरा ठेवायचा नाही, असं सांगितलं होतं ना यांनी?"

"सांगतलं ना. मी म्हनलं, देव कुठं मोजनीत येते?"

मी एका तुऱ्याला बोट लावलं. पिवळी पूड भुरभुर खाली पडली. मला जेवढं कळलं होतं तेवढं त्यांना सांगितलं. ही पूड आईच्याच ओळीची. ही आईच्या कणसावर बसली तर त्या दाण्यातून पुन्हा ठेंगणंच उगवणार. विकत घेणाऱ्याने जोमाचं म्हणून पेरायचं आणि निघणार हे. गिरजाबाई दगडाकडे पाहत राहिल्या. मग वळून गावाच्या दिशेला, जिथून दीर येणार होता.

आता माझ्या पराक्रमाचं ऐका. वकिलाची मुलगी मी. पुरावा नसला की गुन्हा नसतो हे जेवताखाता ऐकलेलं. "ते अंघोळ करताहेत तोवर उपटून टाकू," म्हटलं आणि लागले की उपटायला! गिरजाबाईही लागल्या. मी अकरा झाडं मोकळी केली. तुरे पदरात घेतले, पदर खोचला, केसांत पूड, लग्नातल्या निळ्या साडीवर पूड. भ्रष्टाचाराचा माझा पहिला प्रयत्न आणि त्यात इतकी रंगले होते की गिरजाबाई थांबल्याचं मला कळलंच नाही.

"थांब वं पोरी," त्या म्हणाल्या. "पडाची ती पूड पडून गेली. झाड लपीन, बी कसं लपन? कोन्या बाईच्या वावरात हे उगवन, ठेंगनं निंघन, आन ते मले शिव्या देईन. मी ऐकू कशी मंग?"

मी म्हटलं, "आणि वावर?"

त्यांचे डोळे पाण्याने भरले होते, पण त्यांनी ते पुसले नाहीत.

मधुकर आणि सुखदेवभाऊ धुऱ्यावरून येत होते. गिरजाबाई सरळ त्यांच्यासमोर गेल्या आणि उभ्याउभ्या सगळं सांगून मोकळ्या झाल्या. देवाचा वाटा, किती झाडं, पूड गळत होती, आत्ता निम्मे तुरे काढले. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. पण मी पदरात तुऱ्यांचा भारा घेऊन, हळद लागल्यासारखी पिवळी होऊन मागे उभी होते. मधुकरने माझ्याकडे एकदा पाहिलं. त्या नजरेचं वर्णन करत नाही.

सुखदेवभाऊ हळूच म्हणाले, "म्हंजे नापास, नाई का, सायेब?"

मधुकर आईच्या ओळींत शिरला. एकेक कणीस हातात घेऊन पाहू लागला. बऱ्याच कणसांचे केस अजून बाहेर आलेले नव्हते, म्हणजे त्यांच्यावर पूड बसलीच नव्हती; काहींचे नुकते फुटले होते. पाऊण तास तो असा वाकून फिरत होता. आम्ही तिघं दगडापाशी उभे. बाहेर येऊन त्याने विचारलं, "कोणाजवळ विडी आहे का?"

माझा नवरा विडी ओढत नाही. मला वाटलं, संपलं सगळं. सुखदेवभाऊंनी मोठ्या खुशीने विडी पेटवून दिली. मधुकरने ती हातात उंच धरली आणि धुराकडे पाहत राहिला. धूर ओळींकडे न जाता दगडावरून बाहेर, नाल्याकडे निघून गेला.

"आज वारा डोंगराकडून वाहतोय. म्हणजे या झाडांची पूड वावराबाहेर जाते," तो म्हणाला. "पण मला गेल्या आठ दिवसांचा वारा पाहिजे. सुखदेवभाऊ, तुम्ही सांगा. कुठून होता?"

मला त्याच्या डोक्यात विडीच मारावीशी वाटली. अहो, ज्याला वावर हवंय त्यालाच विचारायचं? "उलटा होता" एवढे दोन शब्द बोलला असता की वावर त्याचं! गिरजाबाई जमिनीकडे पाहत होत्या. सुखदेवभाऊंनी वयनीकडे पाहिलं, सातपुड्याकडे पाहिलं, टोपी काढून डोकं खाजवलं.

"वारा डोंगराकडूनच व्हता," ते म्हणाले. "आठी दिवस. सकायी जरा पडे, पन उलटा नाई फिरला." आणि मग जरा चिडूनच, आम्ही काही विचारलं नसताना, "माहं वयनीशी भांडन हाय, वाऱ्याशी नाई. वाऱ्याचं खोटं सांगतलं त खळ्यावर दाने उपनाले कोन उभं करीन मले?"

मधुकरने निर्णय दिला. उरलेले तुरे या क्षणी काढायचे. दगडाकडच्या टोकापासून प्रत्येक ओळीचा दहा पावलं मका बाद. तो वेगळा कापून घरी खायचा, बियाणं म्हणून विकायचा नाही. बाकीचं वावर पास, पण कापणीपर्यंत तो आणखी दोनदा येऊन पाहणार. मग स्वतः दहा पावलं मोजून त्याने दोरी बांधली.

दगडाकडे पाहून गिरजाबाई म्हणाल्या, "घे बाप्पा. तुले एक झाड देत व्हती, सरकारनं दहा पावलं देल्ली." आणि खाली बसून ढसाढसा रडल्या. मीही रडले. पदरातले तुरे अजून तसेच होते.

परतीच्या वाटेवर मला खूश करायला मधुकरने बाळापूरचा किल्ला दाखवला. अकोल्याहून एसटीने तासाभराचा रस्ता. नदीकाठचा किल्ला आहे, बुरुज धडधाकट आहेत, खालच्या दुकानात चहा फार गोड मिळाला. पण आम्ही दोघंही मनाने किल्ल्यात नव्हतो. तटावर बसून तो एकदम म्हणाला, "मी चुकलो तर नाही ना? पूर्ण नापास करायला हवं होतं का?" मी म्हटलं, मला काय विचारता, मी तर लाच न घेता लबाडी करणारी बाई. तो हसला. मग म्हणाला, "बाई सांगत्या झाल्या नसत्या तर मला कळलंही नसतं. तुझ्या तोंडावर पूड होती, मला वाटलं होतं हळदीकुंकू झालं असेल." अशा माणसाबरोबर मी पुढे पन्नासच्या वर वर्षं संसार केला.

अमरावतीला घरी आल्यावर आईने विचारलं, काय काय पाहिलंत? मी म्हटलं, मका. ती माउली तीन दिवस वडिलांशी बोलली नाही, असं स्थळ का आणलंत म्हणून.

मधुकर दोनदा जाऊन आला. प्लॉट पास झाला, बियाणं खात्याने उचललं. मला वाटलं गोष्ट संपली. पण पोळा होऊन गेल्यावर एका दुपारी दारात गिरजाबाई उभ्या! एसटी, रेल्वे, टांगा, सगळं करून एकट्या आल्या होत्या. काखेत उसाची मोळी धरावी तशी धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली मक्याची दोन झाडं, मुळासकट. त्यांनी ती ओसरीत भिंतीला टेकवून उभी केली. एक माझ्या कमरेएवढं. दुसऱ्याचा तुरा चौकटीच्या वर गेला होता.

"देवाच्या वाट्याचं थोडं बी ठेवून मी परसात लावलं व्हतं," त्या म्हणाल्या. "एकाच कनसाचे दाने, सायेब. माह्या हातानं सोललं. एकाच मायची दोन पोरं. मले एवढं सांगा, हे ठेंगनं कोनाचं?"

मधुकर हातातलं वर्तमानपत्र टाकून उठला. त्याला आनंद इतका झाला होता की लपवता येईना, आणि बाईंपुढे आनंद दाखवायची लाजही वाटत होती. दोन्ही झाडं हातात घेऊन तो लहान मुलासारखा फिरवून फिरवून पाहत होता. "उंच आहे ते बापाच्या ओळीच्या पुडीचं," तो म्हणाला. "आणि हे..."

"सांगा, सांगा."

"हे देवाच्या झाडाचं."

गिरजाबाई ओसरीतच खाली बसल्या. मी पाण्याचा ग्लास दिला, तो त्यांनी तसाच बाजूला ठेवला. मला वाटलं, आता या देवाला तरी शिव्या घालतील किंवा गेलेल्या नवऱ्याला. त्यांनी ठेंगणं झाड मधुकरच्या हातातून हळूच घेतलं आणि मांडीवर आडवं ठेवलं.

"माह्या मालकाले हे दाखवाले पायजे व्हतं," त्या म्हणाल्या. "तो इतके वर्स पयलं झाड सोडत राहिला बिचारा. सोडल्या झाडाचं काय व्हते, ते त्याले कोनी सांगतलंच नाई." मग डोळे पुसून, नेहमीच्या विहिरीवरच्या आवाजात, "आता देवाले जवारीतून देईन. मक्यात त्याचं काम नाई."

मी विचारलं, "आणि सुखदेवभाऊ काय म्हणतात?"

"तो काय म्हनते! यंदाबी मकाच हाय इहिरीखाली. पहाटे तुरे तोडाले येतो म्हने. म्या म्हनलं, ये, पन माह्या हाताखाली." आणि त्यांनी ग्लास तोंडाला लावला.